संवरणी आणि विसर्जनी : एका लपवलेल्या दुखण्याचा इतिहास



आजचा विषय फलकावर कसा लिहायचा यावरून आयोजकांची पंचाईत झाली. शेवटी त्यांनी ‘आरोग्य आणि इतिहास’ असं गुळगुळीत काहीतरी लिहून वेळ मारून नेली. आम्ही सुचवलं होतं, ‘मूळव्याध, तिचे मोड आणि ओटीपोटाचे स्नायू’. ते म्हणाले, सर, समोर बायकामाणसं बसलेली असतात. आम्ही म्हटलं, म्हणूनच. हे दुखणं काय फक्त पुरुषांना होतं? पण असो. फलक त्यांचा, व्याख्यान आमचं.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. वैद्यकाचा आम्हांला अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. कुणाला औषध सांगायला आम्ही इथे उभे नाही. मात्र एक प्रश्न आमच्या मनात फार दिवस घोळतो आहे. शरीराच्या एकाच जागेवर दोन प्रकारचे लोक काम करत आले. एक कापणारे, दुसरे तिथले स्नायू आवळायला आणि सोडायला शिकवणारे. पहिले शल्यवैद्य, दुसरे योगी. हजार-दीड हजार वर्षं हे दोघे एकाच देशात, कधी कधी एकाच गावात राहिले. मग त्यांची गाठ का पडली नाही? आता ती पडू लागली आहे. सर्जन जादा कातडी काढतो आणि शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर फिजिओथेरपिस्ट पेल्विक फ्लोअरचे, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे, व्यायाम शिकवते. ही गाठ पडायला इतका उशीर का झाला, तेवढंच आज बघायचं आहे.

सुरुवात आपल्या गावापासूनच करू. नाशिक हे नाव कशावरून पडलं? नऊ शिखरांवरून पडलं असं काही जण म्हणतात. पण गोदाकाठच्या कुठल्याही पोराला विचारा, तो सांगेल की लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक इथे कापलं म्हणून नासिक. नाक कापणं ही जुन्या काळातली शिक्षा होती आणि कापलेलं नाक जोडणं ही जुनी विद्या होती. १७९२च्या सुमाराला टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर असलेला कावसजी नावाचा एक गाडीवान पकडला गेला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुढे पुण्याकडच्या एका कुंभार जातीच्या कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. ही हकीकत १७९४च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली आणि युरोपातल्या प्लास्टिक सर्जरीला त्यातून चालना मिळाली. हे आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावंच.

पण ज्या सुश्रुतसंहितेत नाक जोडण्याची कृती आहे त्याच ग्रंथात मूळव्याधीवर दोन अख्खे अध्याय आहेत, एक निदानस्थानात, एक चिकित्सास्थानात. ते कुणी अभिमानाने सांगत नाही. गंमत म्हणजे सुश्रुताला या दोन जागांत लाजेचा फरक करावासा वाटत नाही. त्याच्या लेखी अर्श म्हणजे मांसाचा अंकुर. तो गुदात येतो तसा नाकात येतो, कानातही येतो. नाकातल्या अंकुराला तो नासार्श म्हणतो. आपल्या बोलीतला ‘मोड’ हा शब्द हेच सांगतो. मटकीला मोड येतात तसे मूळव्याधीला मोड येतात. शब्द साधा आहे, घरातला आहे, त्यात किळस नाही. किळस मागाहून आली.

सुश्रुताने गुदाचं वर्णन कसं केलं आहे ते बघण्यासारखं आहे. साडेचार अंगुळांची जागा, तिच्यात तीन वळ्या. त्या वळ्यांना त्याने आकारावरून नावं दिली नाहीत, कामावरून दिली. ढकलते ती प्रवाहिणी, सोडते ती विसर्जनी, झाकून घेते ती संवरणी. आजच्या शरीररचनेतल्या कुठल्या भागाला कुठली वळी म्हणायचं यावर अभ्यासकांचं एकमत नाही, आणि त्या वादात आम्ही पडत नाही. आम्हांला महत्त्वाचं वाटतं ते हे, की दोन हजार वर्षांच्या आसपास जुन्या या ग्रंथाला कळलेलं होतं की इथे नुसती नळी नाही, इथे तीन क्रिया आहेत आणि त्या एकमेकींना धरून चालल्या पाहिजेत. ढकलताना सोडणारीने सोडलं नाही तर काय होईल? हा प्रश्न त्या तीन नावांतच दडलेला आहे. पुढे आपण त्याच्याकडे परत येऊ.

उपचारांचे त्याने चार मार्ग सांगितले: औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र. नवा आणि किरकोळ दोष असेल तर औषध. मऊ, पसरलेल्या, खोल मोडांना क्षार. खरखरीत, कठीण, रुंद मोडांना अग्नी. आणि ज्यांचं मूळ बारीक आहे, जे वर उचललेले आहेत, ओलसर आहेत, त्यांना शस्त्र. म्हणजे सरसकट सगळ्यांना कापा असं नाही. तपासायला त्याने यंत्रही सांगितलं आहे. गाईच्या सडाच्या आकाराचं, चार अंगुळं लांब, पुरुषांसाठी पाच अंगुळं घेराचं आणि स्त्रियांसाठी सहा. स्त्रियांसाठी वेगळं माप, याकडे लक्ष द्या. म्हणजे स्त्रिया तपासून घ्यायला येत होत्या, किंवा निदान त्यांनी यावं अशी ग्रंथकाराची अपेक्षा होती.

आता एक धोक्याची सूचना. ती वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात, क्षाराच्या अध्यायात दिली आहे. गुदाच्या जागी क्षार प्रमाणाबाहेर लागला तर मलमूत्र अडून बसतं, नाहीतर आवरेनासं होतं, पुरुषत्वाला धक्का पोहोचतो, प्रसंगी जीवही जातो. अडणं आणि न आवरणं. आजच्या सर्जनच्या डोक्यावर टांगलेल्या तलवारी याच दोन आहेत. जास्त कातडी गेली तर जागा आकसते, स्नायूला इजा झाली तर ताबा जातो. सुश्रुताने तर गुदाला मर्मांत बसवलं आहे, आणि तेही तत्काळ प्राण घेणाऱ्या मर्मांत. हा जुन्या वैद्यांचा बाऊ नव्हता. हात पोळलेल्या माणसांची ती सावधगिरी होती.

मग ही विद्या गेली कुठे? इथे इतिहासाचा कडू भाग येतो. मनुस्मृतीत शौचानंतर गुदाला किती वेळा माती लावायची, डाव्या हाताला किती वेळा, याचे आकडे दिले आहेत, तीन आणि दहा. शुद्धीचा हिशेब असा चोख. पण ती जागा दुखते तेव्हा तिला हात कुणी लावायचा? शास्त्र वाचणाऱ्याने हात लावणं सोडलं आणि हात लावणाऱ्याला शास्त्र वाचायला मिळालं नाही. पुण्याजवळचा तो नाक जोडणारा कुंभार होता, शास्त्री नव्हता, हे विसरू नका. मूळव्याध मग गावोगाव फिरणाऱ्या वैदूकडे, जडीबुटीवाल्याकडे, आणि आपल्या लहानपणापासून एस.टी. स्टँडजवळच्या भिंतींवर ‘हमखास इलाज’ असं रंगवणाऱ्यांकडे गेली. त्यांतले काही खरोखर जाणते होते. काहींनी जहाल द्रव्य टोचून माणसं अंथरुणाला खिळवली.

क्षारसूत्राची परंपरा मात्र ग्रंथातून जगली. थोराच्या चिकात आणि हळदीत भिजवलेला दोरा मोडाला किंवा भगंदराला बांधायचा, असं अकराव्या शतकातल्या चक्रदत्ताने लिहून ठेवलं. विसाव्या शतकात बनारस हिंदू विद्यापीठात या दोऱ्यावर पुन्हा काम झालं, आणि १९९१ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने भगंदरावरच्या मोठ्या तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. क्षारसूत्राने बरं व्हायला सुमारे आठ आठवडे लागले, शस्त्रक्रियेने चार. पण भगंदर उलटण्याचं प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के, शस्त्रक्रियेत ११ टक्के. दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीचा आकडा त्यात सापडतो, आणि दोन्ही बाजू तेवढाच सांगतात!

आयुर्वेदाच्या पुनरुज्जीवनात आपल्या नाशिकचाही वाटा आहे. १८८० साली मुंबईत डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी अष्टांगहृदयाची संपादित आवृत्ती काढली, आणि वाग्भटाची ती सूचना छापील रूपात वैद्यांच्या हाती आली. मग १९०७ साली शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय आयुर्वेद महासंमेलनाचं पहिलं अधिवेशन भरलं ते या नाशकात. पदेशास्त्रींचं ‘आर्यभिषक्’ जुन्या घरांत अजून फडताळात सापडेल.

आता दुसऱ्या धाग्याकडे वळू. योग्यांकडे.

इथेही आपल्याला लांब जावं लागत नाही. त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीच्या गुहेत निवृत्तिनाथांना गहिनीनाथांकडून दीक्षा मिळाली अशी परंपरा आहे, आणि त्यांची समाधीही तिथेच आहे. ही नाथांची विद्या निवृत्तिनाथांकडून ज्ञानदेवांकडे आली आणि १२९० साली नेवाशाला ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात उतरली. तिथे मूळबंधाचं जे वर्णन आहे ते वाचताना शरीररचनेचा तास चालला आहे असं वाटतं. जननेंद्रिय आणि गुद यांच्या मधली जागा चार बोटांची. त्यातली दीड बोट इकडून सोडायची, दीड बोट तिकडून सोडायची, मध्ये एक बोट उरतं. तिथे टाच दाबायची आणि अंग तोलून धरायचं. आजची फिजिओथेरपिस्ट पेशंटला स्नायू कुठे आहे हे समजावताना याच मधल्या जागेवर बोट ठेवते.

हठयोगाच्या ग्रंथांत मूलबंध आहे, घेरंडसंहितेत अश्विनी मुद्रा आहे. घोडी शौचानंतर जसं गुद आकसते आणि सोडते तसं पुन्हा पुन्हा करायचं. त्याने गुह्यरोग नाहीसे होतात, असं फळही सांगितलं आहे. म्हणजे योग्याला हे ठाऊक होतं की या स्नायूंचा आणि त्या रोगांचा संबंध आहे. पण त्याची नजर वर होती. त्याला अपान वर चढवायचा होता, कुंडलिनी जागवायची होती. मूळव्याध बरी होणं हा त्याच्या लेखी वाटेत पडलेला फायदा. आणि वैद्याची नजर मोडावर होती. मोड गेला की त्याचं काम संपलं. एकाच जागेकडे एक जण आतून बघत होता, दुसरा बाहेरून.

महाराष्ट्रात या दोन नजरा पहिल्यांदा एकत्र आणण्याचा प्रयत्न कुणी केला असेल तर तो स्वामी कुवलयानंदांनी, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे यांनी. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि ‘योगमीमांसा’ सुरू केलं. नौली करताना मोठ्या आतड्यात दाब खरोखर कमी होतो का, हे त्यांनी दाबमापक नळी लावून मोजलं आणि त्या पोकळीला आपल्या गुरूंचं, माधवदासांचं नाव दिलं. विचार करा, १९२४ साली एक मराठी ब्रह्मचारी गुदातून नळी घालून योगाचा पुरावा शोधतो आहे! आम्हांला तो क्षण नाक जोडण्याइतकाच मोठा वाटतो.

युरोपची गोष्ट थोडक्यात सांगतो. फ्रान्सच्या चौदाव्या लुईचं भगंदर १६८६ साली कापलं गेलं. त्यानंतर दरबारात ती शस्त्रक्रिया प्रतिष्ठेची होऊन बसली. राजाला झालं की दुखण्याची लाज जाते, प्रजेला झालं की राहते. लंडनमध्ये फ्रेडरिक सामन या सर्जनने १८३५ साली गरिबांच्या गुदरोगांसाठी एक छोटं रुग्णालय काढलं, तेच पुढे सेंट मार्क्स हॉस्पिटल झालं. चार्ल्स डिकन्सवर याच सामनने १८४१ साली शस्त्रक्रिया केली. भूल द्यायची विद्या तेव्हा आलेली नव्हती.

आपल्या विषयाला खरा धडा मिळतो तो मँचेस्टरच्या वॉल्टर व्हाइटहेडकडून. त्याने १८८२ साली एक पद्धत मांडली. मोड येतात ती सगळी कडीच गोलाकार कापून काढायची आणि आतलं अस्तर बाहेरच्या कातडीला शिवायचं. झाडच नाही तर फळ कुठून येणार? १८८७ साली त्याने लागोपाठ तीनशे रुग्ण बरे केल्याचं लिहिलं. पण इतरांच्या हातात ती पद्धत गेली तेव्हा काहींची जागा आकसली, आणि काहींचं आतलं ओलं अस्तर बाहेर उलटून कायमचं पाझरत राहिलं. या विकृतीला आजही व्हाइटहेडचंच नाव आहे. बिचारा! साफ, गुळगुळीत जागा करायला गेला आणि ओल्या जखमेला त्याचं नाव लागलं. १९३७ साली सेंट मार्क्सच्याच मिलिगन आणि मॉर्गन यांनी जी पद्धत रूढ केली तिचं मर्म कापण्यात कमी आणि राखण्यात जास्त होतं. दोन जखमांच्या मध्ये धड कातडीचे पूल सोडायचे.

मग १९७५ साली थॉमसन नावाच्या इंग्रज सर्जनने सांगितलं की मूळव्याधीचं ज्याला आपण मूळ समजतो त्या रक्तवाहिन्यांच्या गाद्या जन्मापासून सगळ्यांनाच असतात. त्या दार नीट बंद व्हायला मदत करतात. विश्रांतीच्या वेळी जो दाब दार बंद ठेवतो त्यातला साधारण १५ ते २० टक्के वाटा या गाद्यांचा. रोग म्हणजे त्या असणं नव्हे, रोग म्हणजे त्या घसरून खाली येणं. का घसरतात? पुष्कळदा कुंथण्याने. आणि सुजून खाली आलेल्या भागावर बाहेरची कातडी ताणली जाते, सूज उतरली तरी कातडी उतरत नाही, ती लोंबत राहते. फाटीच्या टोकाशी, गरोदरपणानंतर, गाठ आलेली मूळव्याध विरल्यावर, असा मागे राहिलेला कातडीचा मोड म्हणजे डॉक्टरांचा स्किन टॅग. बहुतेक वेळा तो निरुपद्रवी असतो. खाज येते, धुताना त्रास होतो, आणि मन त्याच्याभोवती घोटाळत राहतं.

पण कातडी लोंबायला कारण झालेलं कुंथणं तसंच राहिलं तर? इथे आम्हांला आमची स्वतःची गोष्ट सांगावी लागेल. आम्ही फार दिवस ती टाळली.

चौदा वर्षांपूर्वी आम्हांला असाच एक मोड होता. तीस वर्षं खुर्चीत बसून उत्तरपत्रिका तपासल्या, पाणी कमी प्यायलो, घाईने परसाकडेला जाणं आणि कुंथणं. एका रुग्णालयात गेलो. ते कुठलं ते सांगण्यात अर्थ नाही. कातडी काढून टाकली, टाके घातले, गोळ्या दिल्या, झालं. शौचाची सवय कशी आहे, हे कुणी विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही, दोष अर्धा आमचा. जखम भरेपर्यंत इतकं दुखलं की शौचाची भीतीच बसली. भीतीने अंग आवळायचं, आवळलं की अडायचं, अडलं की कुंथायचं. वर्षभरात तिथेच शेजारी दुसरा मोड.

पुढे दुसऱ्या एका सर्जननी तपासलं. बोटाने तपासत असताना ते म्हणाले, ‘सर, आता शौचाला ढकलता तसं ढकला.’ आम्ही ढकललं. ते म्हणाले, ‘तुम्ही ढकलत नाही आहात, तुम्ही दार बंद करताय.’ आणि त्यांनी आम्हांला एका फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. ती आमच्या नातीपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, ‘सर, योगा वगैरे करता का?’ आम्ही मोठ्या ऐटीत म्हणालो, मूळबंध करतो, ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय आम्ही शिकवलेला आहे. ती शांतपणे म्हणाली, ‘तो थोडे दिवस बंद ठेवा. तुम्हांला आवळायला येतं. सोडायला येत नाही.’

मंडळी, सहावा अध्याय आम्ही वर्षानुवर्षं शिकवला आणि तो स्नायू शरीरात कुठे आहे हे आम्हांला एका तरुण मुलीने सांगितलं. सुश्रुताची विसर्जनी आम्हांला तोंडपाठ होती. आमची स्वतःची विसर्जनी काम विसरली होती.

तिने काय शिकवलं? कुंथायचं नाही, पोटात श्वास भरायचा आणि तळ खाली सैल सोडायचा. गुदाच्या मागून एक स्नायू झोळीसारखा पुढे ओढून धरतो, प्युबोरेक्टॅलिस त्याचं नाव. तो नळीला कोन देतो, त्यामुळे धरून ठेवता येतं. उकिडवं बसलं की हा कोन बराच सरळ होतो. कमोडवर बसायचं तर पायांखाली बुटका पाट घ्यायचा, गुडघे कमरेच्या वर आणायचे. खाण्यात भाकरी, पालेभाजी, पाणी. दोन-अडीच महिने हे केल्यावर सर्जननी तो मोड काढला. फक्त बाहेरची कातडी काढली, हात राखून. जखम भरली, पुन्हा आवळून धरण्याची वेळ आली नाही, आणि मग त्या मुलीने मूळबंध परत सुरू करायला सांगितला. थोडा आवळायचा आणि त्याच्या दुप्पट वेळ सोडायचा.

घरी आल्यावर हे सगळं आम्ही पत्नीला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘अहो, मला धाकट्याच्या वेळेपासून आहे.’ धाकटा तेव्हा एकतीस वर्षांचा होता. एकतीस वर्षं! खोकला आला की थेंब-थेंब, शौचाला त्रास, बाहेर कातडी आलेली. आणि आम्हांला माहीत नाही. आम्ही त्याच घरात बसून देह आणि मन यांच्या संबंधावर निबंध लिहीत होतो.

बाळंतपणात ओटीपोटाचा तळ ताणला जातो, हे काही गुपित नाही. आपल्याकडे बाळंतिणीला शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, सव्वा महिना विश्रांती, सगळं होतं. पोटाला पट्टा बांधायचे. तळाचं नाव कुणी घेत नव्हतं. इंग्लंडमध्ये मार्गारेट मॉरिसने १९३६ साली बाळंतपणानंतरचे व्यायाम लिहिले, अमेरिकेत अर्नोल्ड केगेल या स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ साली स्नायूंचा जोर मोजणारं यंत्र आणि व्यायाम मांडले. ते व्यायाम आवळायचे होते. सोडण्याचा विचार नंतर आला. १९८५ साली सेंट मार्क्सच्याच प्रेस्टन आणि लेनर्ड-जोन्स यांनी असे रुग्ण दाखवले की ज्यांचा स्नायू शौचाच्या वेळी सैल व्हायच्या ऐवजी आवळतो. आमची व्यथा तीच. म्हणून एकच व्यायाम सगळ्यांना चालत नाही. ज्याचा तळ ढिला आहे त्याला आवळायला शिकवायचं, ज्याचा ताठ आहे त्याला सोडायला. आधी तपासायचं, मग ठरवायचं. यू-ट्यूबवर बघून मूलबंध करणाऱ्यांनी हे ऐकून ठेवा.

आपल्याच नाशकात १९९८ साली महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आलं. दिंडोरी रोडवरून जाताना ती इमारत तुम्ही बघता. सर्जरी, आयुर्वेदातलं शल्यतंत्र आणि फिजिओथेरपी, तिन्हींची पदवी या एकाच विद्यापीठाची. म्हणजे सुश्रुताचा वारस, मिलिगनचा वारस आणि, आमच्या मते, निवृत्तिनाथांचाही एक दूरचा वारस एकाच कुलगुरूच्या सहीची पदवी घेऊन बाहेर पडतो. नंतर मात्र तिघं तीन दवाखान्यांत बसतात. २०२० साली केंद्राने आयुर्वेदाच्या पदव्युत्तर वैद्यांना ५८ शस्त्रक्रियांची यादी करून दिली, त्यांत ३९ सामान्य शल्यक्रिया होत्या. त्यावरून डॉक्टरांच्या संघटनेने डिसेंबरात बंद पाळला. कोण कापणार यावर देशभर भांडण झालं. कापण्याआधी आणि कापल्यानंतर रुग्णाला सोडायला कोण शिकवणार, यावर एक अवाक्षर निघालं नाही. दोन्हीकडून नाही.

चिठ्ठ्या आल्या आहेत. वेळ थोडा आहे, दोन घेतो.

पहिली चिठ्ठी: ‘त्रास काही नाही, केवळ दिसायला बरं नाही म्हणून तिथली कातडी काढून घेणं हा शहरी चोचला नाही का?’ बरा प्रश्न आहे. सुश्रुताने व्रणावर साठ उपक्रम सांगितले, त्यांत जखम भरल्यानंतर तिथल्या कातडीचा रंग पूर्ववत करणं आहे, गेलेले केस पुन्हा उगवणं आहे. म्हणजे दिसण्याची काळजी वैद्याने चोचल्यांत धरली नव्हती. एखाद्या बाईला त्या कातडीमुळे नवऱ्याजवळ जायला संकोच वाटत असेल, किंवा स्वच्छता राहत नाही म्हणून ती दिवसातून चार वेळा धूत असेल, तर तिला चोचला म्हणणारे आपण कोण? पण त्रास नसेल आणि मनालाही बोचत नसेल तर राहू द्यावं. शल्यवैद्यही हेच सांगतात. आतड्याला सूज येण्याचा क्रोन्ससारखा आजार असेल तर ते अशा कातडीला हात लावायला फार बिचकतात, जखम भरत नाही म्हणून. आणि काढायचीच असेल तर सर्जनला एवढं विचारा: माझा तळ ढिला आहे की ताठ? त्याने उत्तर द्यायला वेळ घेतला तर चांगलं. ‘त्याचा इथे काय संबंध’ असं म्हणाला तर दुसरा सर्जन बघा.

दुसऱ्या चिठ्ठीवर नाव नाही, नसू दे. ‘वय ५२. मूळव्याध आहे म्हणून घरचं औषध घेते. आठ महिने रक्त जातं. व्यायामाने थांबेल का?’

ताई, तुम्ही सभागृहात कुठे बसला आहात आम्हांला माहीत नाही, आणि शोधायचंही नाही. ही मूळव्याध आहे हे कुणी ठरवलं? तुम्हीच ठरवलंत ना? आठ महिने रक्त जाणं हे मूळव्याधीचं असेल, नसेलही. आतड्याच्या कर्करोगाचं रक्तही सुरुवातीला असंच दिसतं. व्यायाम, काढा, मोड काढणं, हे सगळं नंतर. उद्या सकाळी डॉक्टरांकडे जा, बोटाने तपासून घ्या, त्यांनी सांगितलं तर दुर्बिणीने आतून बघून घ्या. बाई डॉक्टर हव्या असतील तर तसं मागा. सोबत कुणी नसेल तर व्याख्यानानंतर आमच्या पत्नी दाराशी उभ्या असतील. त्यांना फक्त ‘चिठ्ठी’ एवढंच म्हणा. त्या येतील तुमच्याबरोबर.